आमचा उजवा हात

पहाटे साडेपाच वाजता उठून मिस्सेच्या तयारीस लागावयाचे, हा आमचा कित्येक वर्षांचा नेम आहे. २०२३ सालच्या जुलै महिन्यात एका पहाटे आम्ही असेच जागे झालो, दिव्याचे बटण दाबावे म्हणून उजवा हात भिंतीकडे नेऊ लागलो, आणि हात काही जागचा हलेना. रात्रभर कुशीखाली दडपून राहिला असेल, मुंग्या आल्या असतील, अशी मनाची समजूत घालून आम्ही तो डाव्या हाताने चोळू लागलो. चोळणाऱ्या हातास चोळल्याचे कळत होते. ज्यास चोळीत होतो त्यास त्याची दादही नव्हती. मग स्वयंपाक्यास हाक मारली. तोंडातून जो आवाज निघाला, तो आमचा आम्हांसच ओळखू आला नाही.

आमच्या खानापुराकडच्या खेड्यांत यास 'वारे गेले' असे म्हणतात. पुस्तकी नाव पक्षाघात. आमचे वय त्या वेळी ४६ होते, आणि हा रोग आजोबा-पणजोबांचा, अशी आमची भोळी कल्पना होती. धो धो पावसात गाडी करून लोकांनी आम्हांस बेळगावास नेले. मेंदूस रक्त पुरविणारी एक बारीक वाहिनी गुठळीने बंद झाली आहे, असे तपासणीत दिसले. गुठळी विरघळविणारे औषध आहे. परंतु ते झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावयाचे असते. आमचा झटका झोपेत आलेला. तो मध्यरात्री आला की पहाटे, हे कोण सांगणार? तेव्हा ते औषध राहिले. ही गोष्ट येथे मुद्दाम लिहितो. घरात कोणाचे तोंड एकाएकी वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर 'सकाळी पाहू', 'आधी तेल लावून मालीश करू', असे म्हणणारी घरे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. वाचकहो, अशा वेळी घड्याळ पाहावे आणि तडक निघावे.

वाचा चार दिवसांत परत आली. पायही सावरला. हात तेवढा आला नाही. खांद्यातून थोडा हले, कोपर अर्धवट वळे, बोटे मात्र मिटलेली ती मिटलेलीच. धर्मगुरूचा उजवा हात म्हणजे काय, हे तोवर आमच्या ध्यानात कधी आले नव्हते. आशीर्वाद द्यावयाचा तो त्या हाताने, लेकराच्या कपाळावर पाणी घालावयाचे ते त्या हाताने, चषक उंचवावयाचा तोही त्याच हाताच्या आधाराने. 'डाव्या हाताने भागवून घ्या, फादर, कोणी काही म्हणणार नाही', असे स्नेही म्हणत. कोणी काही म्हणणार नाही हे आम्हांसही ठाऊक होते. तरीपण रात्री दिवा मालवल्यावर आम्ही त्या मिटलेल्या मुठीकडे अंधारात पाहत पडून राहत असू.

पंधरा दिवसांनी आम्हांस व्यायामोपचाराच्या, म्हणजे फिजिओथेरपीच्या, खोलीत नेण्यात आले. भिंतीस टेकलेली शिडी, वाळूच्या पिशव्या, हाताने फिरवावयाचे चाक, हे सारे तेथे असेल असे वाटले होते, आणि ते होतेही. परंतु एका कोपऱ्यात दूरचित्रवाणीचा मोठा पडदा होता आणि त्याखाली सुमारे फूटभर लांबीची एक काळी पेटी. पेटीस समोरून तीन डोळे. उपचार करणाऱ्या बाई वयाने आमच्या धाकट्या पुतणीएवढ्या. त्या म्हणाल्या, "फादर, या चौकोनात उभे राहा आणि खेळा."

आम्ही म्हटले, "बाई, आम्ही येथे बरे होण्यास आलो आहोत."

"म्हणूनच तर खेळा म्हणते," त्या म्हणाल्या.

पडद्यावर समुद्राच्या तळाशी एक काचेची खोली होती व तीत एक मनुष्य उभा होता. आम्ही डावा हात उचलला, त्यानेही उचलला. आम्ही एक पाऊल सरकलो, तोही सरकला. आमच्या हातात काही नव्हते, अंगास तार बांधली नव्हती. इतक्यात बाहेरून एक मासा धडकला, काचेस चीर गेली, पाणी आत येऊ लागले. ज्या ठिकाणी चीर गेली तेथे हात नेऊन ती बुजवावयाची, असा तो खेळ. चीर उजवीकडे, वरच्या अंगास होती. आम्ही खोट्या पाण्याकडे पाहून खरोखरच घाबरलो आणि उजवा हात वर नेला. तो छातीपर्यंत गेला. गेल्या पंधरा दिवसांत तो कोणाच्याही सांगण्याने तेथवर गेला नव्हता.

या पेटीची हकीकत आम्ही पुढे हौसेने विचारून व वाचून घेतली. तिचे नाव किनेक्ट. अमेरिकेतील मायक्रोसॉफ्ट कंपनीने एक्सबॉक्स ३६० या खेळयंत्राबरोबर वापरण्यासाठी ती २०१० सालच्या नोव्हेंबरात बाजारात आणली. तत्पूर्वी, २००९ साली तिची वार्ता प्रथम फुटली तेव्हा तिचे टोपणनाव 'नाताल' असे होते. या कामातील एक प्रमुख गृहस्थ ब्राझीलचे. त्यांनी आपल्या देशातील नाताल या शहराचे नाव तिला दिले. आता हे शहर १५९९ साली २५ डिसेंबर रोजी वसविले गेले म्हणून त्यास ते नाव पडले, आणि आमचा नाताळ सण व ते शहर यांचे मूळ एकाच लॅटिन शब्दात आहे, त्याचा अर्थ जन्मासंबंधीचा. सेमिनरीतील लॅटिन इतक्या वर्षांनी अशा ठिकाणी उपयोगी पडेल, असे आमच्या गुरुजनांस वाटले नसेल!

पेटीची युक्ती ऐकण्याजोगी आहे. तिच्या एका डोळ्यातून मनुष्यास न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे हजारो ठिपके समोर फेकले जातात. मनुष्य जवळ असेल तर त्याच्या अंगावरील ठिपके एका बाजूस सरकलेले दिसतात, लांब असेल तर निराळे दिसतात. दुसरा डोळा हे सरकणे टिपतो आणि त्यावरून कोणता भाग किती अंतरावर आहे याचा हिशेब होतो. मग यंत्र त्या आकृतीत डोके, खांदे, कोपरे, मनगटे, गुडघे असे २० बिंदू ठरविते, आणि हे सेकंदास ३० वेळा. पहिल्या पेटीस बोटे मात्र निरनिराळी दिसत नसत. तिच्या लेखी आमचा हात मनगटाशी संपल्यासारखाच होता, आणि आमचे दुखणे तर बोटांत.

किनेक्टच्या आधी जपानच्या निन्टेन्डो कंपनीचे 'वी' हे यंत्र २००६ साली निघाले होते. त्यात हाती एक दांडी धरावी लागे व दांडीची हालचाल यंत्रास कळे. त्यासाठी २००७ साली त्यांनी एक पाटही काढला; त्याच्या चार कोपऱ्यांस भार मोजणारी साधने असत, त्यामुळे उभा राहणारा कोणत्या पायावर किती रेलतो ते समजे. मेलबर्नच्या संशोधकांनी २०१० साली हा खेळण्यातला पाट प्रयोगशाळेतील अतिशय महागड्या यंत्राशी ताडून पाहिला, तेव्हा उभ्या माणसाचा तोल मोजण्याच्या कामी तो विश्वासास पात्र ठरला. रुग्णालयांनी ही खेळणी का उचलली, याचे हे एक कारण. मुलांसाठी निघालेली वस्तू लाखोंनी खपते म्हणून स्वस्त होते, आणि रोग्यांसाठी निघालेली वस्तू थोडकी खपते म्हणून महाग राहते. अर्थात खेळण्यानेही इजा होतेच. २००७ साली एका वैद्यकीय नियतकालिकात २९ वर्षांच्या एका डॉक्टराची हकीकत छापून आली. तो घरी 'वी'वर टेनिस खेळत बसला आणि सकाळी खांदा धरून उठला. पत्र लिहिणाऱ्याने त्या दुखण्यास यंत्राच्या नावावरून थट्टेने एक लॅटिन धाटणीचे नावही देऊन टाकले.

परंतु मुख्य कारण दुसरे आहे, आणि ते बाईंनी आम्हांस हिशेबाने पटविले. मेंदूचा जो भाग रक्ताविना मेला तो पुन्हा जिवंत होत नाही. त्याच्या शेजारचे भाग त्याचे काम हळूहळू शिकतात. शिकावयाचे म्हणजे तेच ते पुनःपुन्हा करावयाचे. प्राण्यांवरील प्रयोगांत एकच हालचाल दिवसास शेकडो वेळा करविली जाते, तेव्हा मेंदूत फरक दिसतो. माणसांच्या उपचारात काय होते? अमेरिका व कॅनडा येथील सात केंद्रांतील ३१२ बैठका संशोधकांनी शेजारी बसून मोजल्या. त्याचा वृत्तांत २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्या बैठकांत हाताच्या कामाचा सराव झाला, त्यांतही सरासरी फक्त ३२ वेळा झाला. कारण उघड आहे. 'उचला, ठेवा, उचला, ठेवा' असे कोणी सांगू लागले की विसाव्या वेळी मनुष्य कंटाळतो, आणि सांगणाराही कंटाळतो. मासा काचेवर धडकला की मात्र मोजण्याचे भान राहत नाही. पहिल्याच दिवशी आम्ही अर्ध्या तासात ११० वेळा हात उचलला, असे बाईंनी टिपून ठेवले होते.

आता आमच्या लबाडीविषयी लिहिणे भाग आहे.

तिसऱ्या आठवड्यात आमचे गुण भराभर वाढू लागले. पडद्यावर आकडे चढत. आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्यांस ते कौतुकाने दाखवीत असू. एके दिवशी बाई आमच्या मागे येऊन उभ्या राहिल्या, काही वेळ पाहत राहिल्या, आणि त्यांनी आपला एक तळहात आमच्या उजव्या खांद्यावर व दुसरा पाठीवर ठेवून आम्हांस सरळ धरून ठेवले. गुण एकदम निम्म्याहून खाली आले. झाले होते असे की, कोपर उलगडण्याऐवजी आम्ही कमरेतून झुकत होतो आणि अख्खे धड त्या चिरेकडे फेकीत होतो. मनगट चिरेपाशी पोहोचले एवढेच यंत्र पाही. ते कोणत्या वाटेने आले याची त्यास पर्वा नव्हती. "यंत्राला फसवता येतं, फादर," बाई म्हणाल्या, "कोपराला नाही येत. अशी सवय लागली तर ती मोडायला सहा महिने जातील." जन्मभर इतरांच्या कबुल्या ऐकणाऱ्या मनुष्यास आपण लबाडी करीत आहोत हे कळलेसुद्धा नाही, याचे आम्हांस त्या दिवशी फार वाटले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आम्हांस पाठीच्या खुर्चीत बसवून छातीवरून पट्टा बांधला. गुण पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागले.

त्याच खोलीत आमच्याच धर्मग्रामातील एक वृद्ध शेतकरी येत असत. आम्ही त्यांस काका म्हणतो. त्यांचाही उजवा हात गेलेला, आमच्या आधी दीड महिना. घरी दोन म्हशी. धार काढावयाची ती काकांनीच, म्हशींना दुसरा हात चालत नसे. काकींस एक म्हैस लाथ मारी, मुलास दोन्ही. मुलाचा विचार म्हशी विकून टाकण्याचा होता, आणि काका त्या खोलीत येत ते त्या म्हशींसाठी. समुद्राच्या तळाशी त्यांस मुळीच गोडी वाटली नाही. "फादर, मासा धडकला तर धडकू दे की. काच आमच्या बापाची आहे काय?" असे ते म्हणाले, तेव्हा बाईसुद्धा हसल्या. शिवाय खेळ तरण्याताठ्या, धडधाकट मुलांसाठी रचलेला. काकांचा हात निघेपर्यंत तीन चिरा जात, खोली पाण्याने भरे, आणि डाव संपल्याची पाटी येई. दिवसास दहा वेळा हरण्यासाठी एस. टी.चे तिकीट कोण काढील? बाईंनी त्यांच्यासाठी खेळाची सर्वांत मंद गती शोधून काढली, तरी ती त्यांस भारीच होती.

पुढे काका येईनासे झाले. खेळ आवडला नाही हे त्याचे कारण नव्हे. त्यांस आणण्यासाठी मुलाचा दिवस बुडे, आणि दिवस बुडाला की मजुरी बुडे. आठवड्यास तीन वेळा असे कोणत्या घरास परवडेल? परदेशांत यावर उपाय शोधले गेले आहेत. गुडघा बदललेल्या ३०६ रोग्यांवर अमेरिकेत एक पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२० साली आले. निम्म्यांस अशाच कॅमेऱ्याचे यंत्र घरी दिले. ते व्यायाम दाखवी, चुका सांगे, आणि उपचार करणारा दुरून लक्ष ठेवी. त्यांचे गुडघे नेहमीच्या उपचारांतील रोग्यांहून मागे पडले नाहीत आणि खर्च कमी आला. आम्ही हे वाचून हरखलो व काकांच्या घरी असे काही नेता येईल काय, याची चौकशी करू लागलो.

त्याच सुमारास खोलीतील पेटी बंद पडली. तिचे तिन्ही डोळे एका सकाळी आंधळे झाले. दुरुस्तीस माणूस मिळेना आणि नवी मिळण्याचा प्रश्नच नव्हता, कारण कंपनीने किनेक्ट तयार करणे २०१७ सालीच थांबविले आहे. 'वी' तर त्याच्याही आधी बंद झाले. खोलीतील पेटी बाईंच्या भावाने कधीकाळी दुबईहून आणलेली होती. खेळण्याच्या आधाराने उभारलेला उपचार खेळण्याबरोबरच जातो, ही गोष्ट ते लेख लिहिणारांच्या फारशी ध्यानात आलेली दिसली नाही. आम्ही खिन्न झालो. खरे सांगावयाचे तर संतापलोही. कोपर तेव्हा कोठे उलगडू लागले होते.

बाईंनी आमच्यापुढे एका पाहणीचा वृत्तांत ठेवला. कॅनडातील ११ आणि अर्जेंटिना, पेरू व थायलंड येथील प्रत्येकी एक, अशा १४ केंद्रांत नुकताच पक्षाघात झालेल्या १४१ रोग्यांची पाहणी झाली होती. वृत्तांत २०१६ सालचा. सर्वांस नेहमीचा उपचार चालूच होता. त्याशिवाय ७१ जणांस 'वी' खेळावयास दिले, आणि उरलेल्या ७० जणांस पत्ते, बिंगो, चेंडू असले साधे खेळ. दोन आठवड्यांत तासातासाच्या दहा बैठका. अखेरीस मोजमाप केले, तेव्हा दोन्ही गटांच्या हातांत सुधारणा झालेली होती, आणि यंत्रवाले पत्तेवाल्यांच्या पुढे गेलेले नव्हते.

आम्ही तो कागद दोनदा वाचला. "पत्ते?" आम्ही विचारले.

"पत्ते," बाई म्हणाल्या. "पण मी सांगते तसे."

येथे आमची पंचाईत लक्षात घ्यावी. पत्त्यांविरुद्ध आम्ही आमच्या धर्मग्रामात एकदा नव्हे, चारदा प्रवचन केलेले आहे. सणाच्या रात्री पैसे लावून बसणाऱ्या मंडळींचे डाव आम्ही स्वतः जाऊन उधळलेले आहेत. एकदा तर पत्त्यांचा अख्खा जोड आम्ही चुलीत घातला होता. आता तेच आम्ही मिशनच्या ओसरीवर चटई अंथरून काकांची वाट पाहत बसलो होतो, आणि काका आपल्या नातवाचा खांदा धरून, सहा मिनिटांची वाट वीस मिनिटांत चालत, येत होते. एस. टी. नाही, तिकीट नाही, मुलाचा दिवस नाही. दुसऱ्याच दिवशी एक वडीलधाऱ्या बाई आमच्याकडे येऊन म्हणाल्या, "फादर, लोक बोलतात." आम्ही त्यांस बसवून घेतले आणि चौथा भिडू म्हणून पाने दिली. आता त्या सर्वांत तरबेज आहेत.

डाव बदाम सातचा. हा बाईंनी विचारपूर्वक निवडला. सत्ती मध्ये ठेवावयाची, तिच्या एका अंगास छक्की, पंजी, चौकी, दुसऱ्या अंगास अठ्ठी, नव्वी, राजापर्यंत. रांगा जसजशा लांबतात तसतसा हातही लांब न्यावा लागतो. चटई बाई स्वतः येऊन आखून गेल्या: राजाची जागा इतकी दूर की कोपर पूर्ण उलगडल्यावाचून पान पोहोचू नये. पाठ भिंतीस टेकलेली हवी. जो झुकेल त्याचे पान परत. ही शेवटची अट पाळली जाते की नाही हे काकांचा नातू पाहतो, आणि तो त्या काळ्या पेटीहून फार कडक आहे. पेटीस आमचे २० बिंदू दिसत होते. या नऊ वर्षांच्या मुलास आमचा हेतूही दिसतो. पान जाड पुठ्ठ्यास चिकटविलेले, म्हणजे मिटलेल्या बोटांस धरता येईल. पुढे पुठ्ठा काढला. मग नुसते पान, आणि नुसते पान चटईवरून अंगठ्याने व तर्जनीने उचलणे हे काचेची चीर बुजविण्याहून फार अवघड. पेटीस बोटे दिसत नव्हती, हे आम्ही वर लिहिलेच आहे.

यंत्रांची निंदा करण्याचा आमचा उद्देश नाही. आमचा हात प्रथम उचलला गेला तो त्या माशाच्या भीतीने. पत्त्यांनी तो त्या दिवशी उचलला नसता, कारण पान धरण्याइतके बळच नव्हते. यंत्राच्या साहाय्याने होणाऱ्या अशा उपचारांवरील ७२ पाहण्या २०१७ साली एकत्र करून तपासल्या गेल्या, तेव्हाही निष्पन्न झाले ते असे की, नेहमीच्या उपचारांच्या जागी यंत्र आणल्याने हातास विशेष अधिक लाभ होत नाही. त्यात भर म्हणून आणले तर होत असावा. शिवाय आता निराळी पेटीही नको. २०२० पासून साध्या मोबाईलच्या कॅमेऱ्यातून शरीराचे ३३ बिंदू ओळखण्याची सोय झाली आहे. बाईंनी काकांच्या मुलाच्या मोबाईलवर तसे काही लावून दिले आहे. हात किती अंशांत उलगडला ते त्यावर दिसते. काका ते पाहतात, मान हलवितात आणि पाने वाटावयास सांगतात.

म्हशींपैकी एक फेब्रुवारीत विकली गेली. दुसरी आहे. तिची धार काका दोन्ही हातांनी काढतात. पूर्वी पाव तास लागे, आता पाऊण तास लागतो, आणि म्हैस तेवढा वेळ उभी राहते. चषक आम्ही दोन्ही हातांनी उंचवितो. उजवा हात कोणास वेगळा दिसत नाही, पण त्याचा भार किती व डाव्याचा किती हे आम्हांस ठाऊक असते. झग्याची बटणे लावावयास अजून पाच मिनिटे जातात. डाव मंगळवारी व शुक्रवारी संध्याकाळी असतो. काका हल्ली हट्टाने पाने उजव्या हाताने पिसू पाहतात. त्यामुळे निम्मा जोड ओसरीवरून अंगणात जातो आणि तो एकेक करून उजव्या हाताने वेचण्याचे काम नातवाने आमच्याकडे लावून दिले आहे.